हडळीचा पाय

"फुगडी घालता येईल का?" वैजूनं विचारलं.

डॉक्टर नाडकर्णी पाठमोरे उभे राहून तिच्या पायाचा एक्स-रे बघत होते. पायाचं काय करायचं हे त्या दिवशी ठरणार होतं. मी, माझ्या सासूबाई आणि तपासायच्या टेबलावर कुबड्या मांडीवर घेऊन बसलेली वैजू, आम्ही तिघी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

"काय घालता येईल?" ते वळले.

"फुगडी. ऑपरेशन झाल्यावर. आणि गौर आणता येईल का? आमच्यात नदीवरनं आणतात. घाटाच्या पायऱ्या चढून."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? पोरगी वाचेल का, एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते विचारायला माझी जीभ उचलत नव्हती. वैजू अकरा वर्षांची होती. किमोनं डोक्यावरचे केस गेले होते, भुवयाही गेल्या होत्या. तोंड आलं की ताकाशिवाय घशाखाली काही उतरत नसे. पण तिची जीभ किमोला पुरून उरली होती. ती माझ्याकडून आलेली.

"फुगडी मी कधी घातलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कुठल्या पायानं घालता येईल आणि कुठल्या नाही, ते आपण बघू."

मी गडहिंग्लज डेपोत कंडक्टर आहे. वैजूचे वडील त्याच डेपोत ड्रायव्हर होते. एका सकाळी ड्यूटीवर गेले ते परत आले नाहीत, गाडीतच छातीत कळ आली. वैजू तेव्हा बालवाडीत होती. त्यांच्या जागी मला नोकरी लागली, अंगावर खाकी चढली, आणि पोरगी आपोआप सासूबाईंच्या पदराखाली गेली. त्यांना मी आत्ती म्हणायची. पोर माझी, पण वाढवली आत्तींनी. जेवू घालणं त्यांचं, वेणी त्यांची, गोष्टी त्यांच्या. मी आजरा-आंबोलीच्या फेरीवर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून ओरडत असायची.

आदल्या गौरीत फुगडी घालताना वैजू एकदम खाली बसली. डावा गुडघा दुखतोय म्हणाली. मुरगळला असेल म्हणून लेप लावला. दिवाळी झाली तरी सूज उतरेना. मग एक्स-रे, मग सुई घालून काढलेला तुकडा, मग थेट मुंबई. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात गाठ होती. ऑस्टिओसार्कोमा. हे नाव मला उच्चारता येईना, शेवटी थांब्यांची नावं पाठ केली होती तसं तोडून तोडून पाठ केलं. दुर्मीळ गाठ आहे, लाखांत एखाद्या पोराला होते, असं सांगितलं होतं. "मग त्या लाखांत आमचीच कशी घावली?" असं आत्तींनी विचारलं होतं.

"किमोनं गाठ आक्रसली आहे," डॉक्टर म्हणाले. "छातीचा फोटो स्वच्छ आहे, गाठ पसरलेली नाही. म्हणजे आता गाठ काढायची वेळ झाली. नंतर पुन्हा किमो."

"डॉक्टरसाहेब," आत्ती खुर्चीच्या टोकावर सरकल्या, "धर्मशाळेत आमच्या शेजारणीला लाइट देत्यात. तिची गाठ विरघळाय लागलीया म्हनं. आमच्या पोरीला बी लाइटच द्या की. कापाकापी कशाला?"

"तिची गाठ वेगळी आहे, आजी. काही गाठी लाइटला, म्हणजे रेडिएशनला, घाबरतात. ही नाही घाबरत. हिच्यावर लाइट दिला तर गाठ राहील आणि पाय वाढायचा थांबेल. हिला किमो आणि ऑपरेशन, दोनच गोष्टी समजतात."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर नाही, वैजूसमोर बसले. मला ते आवडलं.

"गुडघा आणि त्याच्या वरचं हाड काढावंच लागणार. त्यात काही करता येत नाही. पुढचे रस्ते सांगतो. एक, पाय मांडीतून काढायचा आणि वरून नकली पाय लावायचा. दुसरा, आत लोखंडाचा गुडघा बसवायचा. पाय दिसायला पायासारखा राहतो. पण तू वाढणार, लोखंड वाढत नाही. पुन्हा पुन्हा उघडून ते लांब करावं लागतं. आणि उड्या मारायच्या नाहीत, पळायचं नाही."

"फुगडी?"

"नाही."

"मग ते नको," वैजू म्हणाली, जसं काही ते भाजी वाढत होते.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद ओढला आणि एक पाय काढला. गुडघ्याच्या वर आणि खाली दोन रेघा मारल्या.

"तिसरा रस्ता ऐकायला विचित्र आहे. हा मधला तुकडा काढायचा. खालचा पाय वर आणून मांडीच्या हाडाला जोडायचा. मुख्य नस तोडायची नाही. आणि जोडताना पाय पूर्ण उलटा फिरवायचा. टाच पुढे, बोटं मागे. म्हणजे घोटा गुडघ्याच्या जागी येतो आणि गुडघ्यासारखा वाकतो. पाऊल नकली पायाच्या आत बसतं आणि आतून तो पाय चालवतं. तो गुडघा लोखंडाचा नाही, तुझा स्वतःचा."

बाही उलटी लावलेला ब्लाउज माझ्या डोळ्यांसमोर आला. शिंपी चुकला की आपण तो उसवून घेतो. इथे मुद्दाम तसा शिवायचा म्हणत होते.

"नकली पाय घातला की बाहेरून काही दिसत नाही," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "काढला की मात्र पाऊल मागे वळलेलं दिसणार. कायमचं."

आत्तींनी पदराचा बोळा तोंडात धरला.

"हडळीसारखं?" वैजूनं विचारलं.

घाबरून नाही. मी तिची आई आहे, मला तिचा आवाज कळतो. शाळेत पहिली आली तेव्हा ज्या आवाजात तिनं सांगितलं होतं, त्या आवाजात.

"गप बस!" आत्ती ओरडल्या.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हडळ ओळखायची कशी, तर पायांवरून. केस मोकळे, बाई देखणी, पण पाऊल उलटं. आत्तींच्या गोष्टींतली हडळ हिरण्यकेशीच्या काठावर राहायची आणि सगळ्या गावाला नाचवायची. वैजू त्याच गोष्टी ऐकत जेवली होती.

"आज्जी, तूच सांगितलंयस की," वैजू म्हणाली. "हडळीएवढं जोरात कुणीच पळत नाही. आणि तिला पकडायला गेलं की तिच्या पावलांमुळं माणूस भलतीकडंच जातंय."

डॉक्टर नाडकर्णी हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. आत्ती उठल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

मी त्यांच्या मागे गेले. बाकावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"कापा म्हणावं," त्या म्हणाल्या. "मांडीतनं कापा. लंगडी पोर मी जल्मभर सांभाळीन, पाठीवर घिऊन फिरीन. पर उलट्या पायाची नको."

"आत्ती, पळता येतंय म्हणतात तसं केलं तर."

"पळून कुठं जायाचंय? लोकं काय म्हणतील ते जाऊ दे. मला सांग, गौरीची पावलं आपण कशी काढतो? आत येनारी. भाईर वळल्यालं पाऊल म्हंजे लक्ष्मी निघाली. माझा लेक असाच उंबऱ्यातनं भाईर पाऊल टाकून गेला, रत्ना. आता त्याच्या लेकीचं पाऊल भाईर वळवून घरात ठेवू व्हय?"

गाडीत मला कुणी निरुत्तर करत नाही, पण आत्तींपुढे माझं काही चालेना. आणि खरं सांगायचं तर त्या उलट्या पायाची भीती मलाही वाटत होती. ही पोर मोठी होईल, आरशासमोर उभी राहील, आणि विचारेल, मम्मी, तू माझं हे काय करून घेतलंस? तेव्हा मी काय सांगू?

डॉक्टर आमच्या मागोमाग बाहेर आले आणि म्हणाले, "मी फोटो दाखवत नाही. फोटोत पाय दिसतो, माणूस दिसत नाही. उद्या या. वाळव्याची एक मुलगी तपासणीला येणार आहे. तिच्याशी बोला, मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आली. रेश्मा मुलाणी तिचं नाव, कॉलेजात जाणारी, अंगात पिवळा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स. चालताना किंचित झुलत होती, पण माझ्या गाडीत चढली असती तर मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. ती आली ती सरळ वैजूजवळ बाकावर बसली.

"तूच का ती फुगडीवाली? बघायचाय का पाय?"

वैजूनं मान हलवली. रेश्मानं सलवार वर घेतली, पट्टे सोडले आणि नकली पाय काढून बाकाला टेकवून ठेवला. मांडीच्या खाली, जिथे गुडघा असतो तिथे टाच होती. पाऊल मागे वळलेलं. आणि त्या पावलाच्या नखांना तिनं लाल नेलपॉलिश लावलं होतं. मी आधी ते नेलपॉलिशच बघितलं आणि मला एकदम हायसं वाटलं.

"हलव की," वैजू म्हणाली.

रेश्मानं बोटं हलवली. वैजूनं एक बोट पुढे करून तळव्यावर फिरवलं तशी रेश्मा फिसकन हसली.

"ए, गुदगुल्या होतात!"

"खरंच होतात?"

"माझाच पाय आहे, मग कुणाला होतील?"

आत्ती खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत होत्या. कान मात्र आमच्याकडे होते.

"पोरी," त्यांनी न वळताच विचारलं, "गावात लोकं काय म्हनत्यात तुला?"

"म्हणतात की, आज्जी. हडळच म्हणतात. मी म्हणते, मग धरून दाखवा. अजून कुणाला जमलं नाही."

वैजूचे डोळे असे चमकले की मला कळून चुकलं, आता ही कुणाचं ऐकणार नाही. तरी तिनं शेवटची परीक्षा घेतलीच.

"फुगडी घालून दाखव."

"कुणाबरोबर? तू तर कुबड्यांवर." रेश्मानं पाय चढवला, पट्टे आवळले आणि माझ्यापुढे हात केले. "या, काकी."

"मी? इथं?"

"मम्मी, जा की!"

मी पदर खोचला. हातात हात अडकवले, पायाला पाय जुळवले आणि त्या हॉस्पिटलच्या बोळकांडीत, तपासणीच्या रांगेसमोर, आम्ही फुगडीला लागलो. बसलेली माणसं पाय आत ओढून घ्यायला लागली. सलाइनचा स्टँड धरून चाललेल्या एक बाई भिंतीला टेकल्या आणि त्यांनी तोंडानं ठेका धरला, पक्वा, पक्वा. मग दुसरीनं धरला. रेश्मा मागे झुकून अशी गरगरत होती की माझे हात सुटतात की काय वाटायला लागलं.

"ओ बाई! हॉस्पिटल आहे हे!" वॉचमन धावत आला.

मी थांबले ती घेरी आली म्हणून, वॉचमनला भिऊन नाही. भिंत धरून धापा टाकत होते. रेश्मा ओढणी सारखी करत सरळ उभी होती.

"ठरलं," वैजू म्हणाली.

आत्तींनी पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं. "दुसऱ्याच्या पोरीचं बघाय बरं वाटतंय," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी पिशवी भरली. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तशा त्या चढायला गेल्या. पायरीवर चढून मग वळल्या.

"मी ते बघाय थांबनार न्हाई. तुझी पोर हाय, तू सही कर."

"तुमचीबी आहे, आत्ती."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला त्यांचा राग आला होता आणि त्या जवळ हव्याही होत्या. पण सही मी केली. माझ्या पोरीनं जे मागितलं होतं त्याच्या बाजूनं मी सही करत होते.

ऑपरेशनच्या सकाळी तिला ट्रॉलीवरून नेलं. हिरवी टोपी घातलेल्या माणसानं दारापाशी मला थांबवलं. दार उघडलं आणि वैजूनं मान उचलली.

"मम्मी, डबल बेल दे की."

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. हे तिला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक. कंडक्टरनं बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही.

"टिंग टिंग," मी म्हणाले.

"जाऊ द्याऽऽ!" वैजू ओरडली आणि ट्रॉली आत गेली.

संध्याकाळ होता होता डॉक्टर नाडकर्णी बाहेर आले. चेहरा पार उतरला होता, पण डोळे ताजे होते. "गाठ पूर्ण निघाली," ते म्हणाले. "आणि तुमची मुलगी बोटं हलवतेय." मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पडू दिलं नाही.

पाय पहिल्यांदा उघडा बघितला तेव्हा मी किंचाळेन असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. अंगठ्यापाशी सायकलच्या साखळीत अडकून झालेली खूण तिथेच होती. करंगळीचं नख तसंच वाकडं होतं. माझ्याच पोरीचं पाऊल होतं ते, रुसून तोंड फिरवून बसल्यासारखं. मी ते दोन्ही हातांत धरून ठेवलं.

पुढे पुन्हा किमो, पुन्हा तोंड येणं, पुन्हा ताक. हाड जुळल्यावर पायाचं माप घेतलं, नकली पाय तयार झाला. चालायला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, पाऊल ताणलंस की गुडघा सरळ, बोटं ओढलीस की गुडघा वाकेल. वैजू घामाघूम व्हायची, पडायची, शिव्या द्यायची. शिव्या आत्तींच्या होत्या. बाईंना त्या कळत नव्हत्या म्हणून बरं. पावसाळ्यात आम्ही गडहिंग्लजला परतलो तेव्हा ती काठीशिवाय चालत होती आणि डोक्यावर मऊ काळी लव आली होती.

आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. दृष्ट काढली. तिच्या आवडीचं सगळं करून घातलं. तिला जवळ घेऊन निजायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या. पण तिनं नकली पाय काढला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. दूध उतू जातंय, मांजर आलंय, काहीतरी निमित्त असायचंच.

"आज्जीला माझं पाऊल आवडत नाही," वैजू मला म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं. रडले मी, दुसऱ्या दिवशी आजऱ्याच्या घाटात, शेवटच्या सीटवर बसून.

गौरी जवळ आल्या. आमच्या घरची गौर कुमारिका आणते. आदली तीन-चार वर्षं ती वैजूनंच आणली होती. घाटावर जाऊन तेरड्याची रोपं तांब्यात घ्यायची, डोक्यावर पदर घेऊन, न बोलता घरी यायचं. माझी चुलत जाऊ शालन दोन दिवस आधी पानसुपारीला म्हणून आली आणि जाता जाता म्हणाली, "यंदा आमच्या पूनमला आणू द्या की गौर. तिला बी हौस हाय. वैजूचं आता... लक्ष्मीच्या वाटेवर उलटं पाऊल बरं न्हवं. कुणी बोललं म्हंजे उगंच."

आत्ती समोरच सुपारी कातरत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"मीच आणणार," आतून वैजू ओरडली.

गौरीच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. सणाची गर्दी, माणसं कमी. सकाळची आजरा फेरी माझ्या माथी आली. जाताना आणि येताना मी एकच काम केलं, शालनशी आणि आत्तींशी करायच्या भांडणाची तयारी. कुणाला काय सुनवायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं जुळवलं. उगीच दाराजवळ उभा राहिलेल्या एका माणसाला त्यातलं अर्धं मिळालंही बिचाऱ्याला. डेपोत हिशेब दिला आणि खाकीतच घराकडे निघाले.

गल्लीत वळले तेव्हा दारासमोर शालन, पूनम आणि दोन-तीन शेजारणी उभ्या होत्या. आत्ती उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. शेजारी वाडग्यात तांदळाचं पीठ कालवलेलं. गौरीची पावलं आम्ही मुठीनं काढतो. मूठ वळून पिठात बुडवायची, करंगळीकडची बाजू जमिनीवर टेकवायची, की पावलाचा ठसा उठतो. वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले की झाली बोटं. उजव्या मुठीचं उजवं पाऊल, डाव्या मुठीचं डावं.

फाटकापासून पावलं यायला लागली होती. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आत्ती, चुकतंय की," शालन म्हणत होती. "डावी पावलं उलटी पडल्यात."

"चुकलं न्हाई," आत्ती म्हणाल्या. त्यांनी उजवी मूठ टेकवली, घराकडे बोटं दिली. मग म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, अख्खी उलटी फिरून बसली, आणि डावी मूठ टेकवून तिला रस्त्याकडे बोटं दिली. प्रत्येक डाव्या पावलाला त्या अशा फिरत आल्या होत्या, फाटकापासून.

"भाईर वळल्यालं पाऊल काढत्यात व्हय कुणी? लक्ष्मी निघून जाईल."

आत्तींनी मान वर केली. त्यांना शालन दिसली, मग मी दिसले. त्या माझ्याशीच बोलल्या.

"ते भाईर वळल्यालं न्हवं. मीच येडी, मला कळलं न्हाई. ही पोर मरनाच्या दारात जाऊन उभी राहिली हुती. तिथनं म्हाघारी वळली, ते पाऊल हाय हे. माझ्या लेकाचं पाऊल वळलं न्हाई, रत्ना. हिचं वळलं. मग ते लपवायचं व्हय? उंबऱ्यात काढायचं."

शालननंच खाली बसून हळदीकुंकवाची बोटं पावलांवर ठेवायला सुरुवात केली, हेही सांगायला हवं. मी मात्र खाकीच्या बाहीनं डोळे पुसत उभी राहिले. दोन फेऱ्या जुळवलेलं भांडण सगळं वाया गेलं, आणि मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

गल्लीच्या टोकाला वैजू दिसली. माझी जुनी हिरवी साडी दुमडून नेसलेली, हातात तांब्या, तांब्यात तेरडा. घाटाच्या पायऱ्या चढून आलेली, कपाळावर घाम. किंचित झुलत, एक पाऊल आणि एक पाऊल, ती फाटकात आली. खाली बघितलं आणि थांबली. उजवी पावलं आत येणारी. डावी सगळी तिच्याकडे बघणारी.

आत्ती उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. दरवर्षी आतून त्याच विचारायच्या.

"कोण आलं?"

"गौर आली," वैजू म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. दरवर्षी ती तसंच म्हणायची. या वेळी तिनं आज्जीकडे रोखून बघितलं आणि हसली.

"माझ्या पावलांनी आली."

"ये मग," आत्ती म्हणाल्या. "आत ये, बाई."

आत्तींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वैजू कोल्हापुरात वकिली करते, आणि कोर्टात तिच्यासमोर उभं राहणाऱ्यांची मला कीव येते. गौरीला मात्र ती घरी असते. पावलं तीच काढते, प्रत्येक डाव्या पावलाला फिरून बसते. नवीन कुणी विचारलं तर सांगते, आमच्या घरची गौर अशीच येते.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य झाल्यावर मी कोपऱ्यावरच्या फोनवरून मुंबईला डॉक्टर नाडकर्णींना फोन लावला. त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं.

"काय झालं? पाय दुखतोय का?"

"नाही, डॉक्टर. तुम्हाला सांगायचं होतं, फुगडी घातली तिनं. आत्ताच."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"कुणाबरोबर?" त्यांनी विचारलं.

"आज्जीबरोबर."

"आणि?"

"आज्जी आधी दमल्या," मी म्हणाले.